विषय : माझे कान आत नेण्याबाबत

स्वतःचे कान काढून, रजिस्टरात त्यांची नोंद करून, स्वतःच स्वतःला बिल्ला देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रोज सकाळी पावणेनऊला हा कार्यक्रम चाले. आधी उजव्या कानातलं मशीन, मग डाव्या कानातलं, दोन्ही रुमालात, रुमाल एक नंबरच्या खणात, खणाला कुलूप. मग रजिस्टर उघडून 'नाव' या रकान्यात स्वतःचं नाव आणि 'वस्तू' या रकान्यात 'कान, नग दोन'. देणाराही तोच आणि घेणाराही तोच, म्हणून सह्या दोन. त्यानंतर एक नंबरचा पितळी बिल्ला शर्टाच्या खिशात टाकून मामा, सगळं कार्यालय त्यांना मामाच म्हणे, स्टुलावर बसत आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत काहीही न ऐकता नोकरी करत.

आमचं कार्यालय सरकारी. नाव सांगत नाही, सांगायची परवानगीही नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सरकारसाठी बनणारे काही सुटे भाग आमच्याकडे तपासायला येतात आणि त्यांचे नकाशे आमच्या कपाटांत कुलपात असतात, एवढं पुरे. त्यामुळे आत मोबाइल नेता येत नाही, कानात घालायचे बिनतारी हेडफोन नाहीत, मनगटावरची स्मार्ट घड्याळंही नाहीत. जे असेल ते फाटकावरच्या खिडकीत जमा करायचं, आणि त्या खिडकीत मामा. मी आत, प्रशासन आणि सुरक्षा शाखेत. म्हणजे नियमाचे कागद माझ्या टेबलावर असत आणि नियम पाळला जाई तो मामांच्या खिडकीत.

याबद्दलचं परिपत्रक सात पानांचं होतं आणि इंग्रजीत होतं. मामांनी ते आमच्या टंकलेखक बाईंकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्याचं एका ओळीत मराठी केलं. "ज्याला तार न्हाई, त्याला दार न्हाई." झालं. त्यानंतर कुणी कितीही वाद घालो, मामा वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करत, तार शोधत, आणि ती सापडली नाही की खण उघडत. पुरवठादार चिडायचे. तासभर ट्रॅफिकमधून गाडी हाणून आलेला एखादा कारखानदार म्हणायचा, "अहो, माझा सगळा धंदा त्या फोनवर आहे." मामा शांतपणे म्हणायचे, "असू द्या की. धंदा हितं झोपंल दोन तास. तुमी जाऊन या."

मोबाइल ते नेहमी पालथे ठेवत. उताणा ठेवला की चुळबुळ करतो, असं त्यांचं म्हणणं. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दोन कारखानदारांचे फोन ते शेजारच्या खणांत कधीच ठेवत नसत. "तुमाला वाटतंय गप पडल्यात," ते मला म्हणाले होते, "पण आपसात बोलत्यात, सायेब." आम्ही हसलो. पुढे संगणक शाखेतल्या बाईंनी सांगितलं की जवळजवळ ठेवलेली अशी यंत्रं एकमेकांना हाका मारतात हे काही अगदीच खोटं नाही. ते ऐकल्यावर मामांची मान आठवडाभर ताठ होती.

स्वतःकडे मात्र मोबाइल नव्हता. कधी घेतलाच नाही. घरच्यांनी काही कळवायचं असेल तर खिडकीतल्या सरकारी फोनवर कळवायचं, आणि तेही अगदीच नड असेल तर. दुसऱ्या कुठल्या लाइनवर फोन करायची घरच्यांना सक्त मनाई होती. साहेबांच्या टेबलावर घरची रडगाणी वाजता कामा नयेत.

एकदा दिल्लीहून एक फार मोठे साहेब तपासणीला आले. स्वतः गाडी चालवायची हौस असलेले. फोन दिला, घड्याळ दिलं, आणि निघाले. मामा म्हणाले, "किल्ली." साहेबांनी किल्ली दाखवली. मामांनी ती हातात घेतली, फिरवली आणि म्हणाले, "ही कुलपात जायची किल्ली न्हवं. ही लांबूनच गाडीशी बोलती." किल्ली खणात गेली, बिल्ला साहेबांच्या खिशात गेला आणि साहेब बैठकीला. गाडी राहिली फाटकाच्या तोंडाशी. दहा मिनिटांत नमुने घेऊन ट्रक आला, त्याच्यामागे दुसरा. गाडी हलवायला किल्ली हवी. मामा म्हणाले, बिल्ला दावा, किल्ली घ्या. आमचे मुख्य अधिकारी स्वतः धावत खाली आले, ओरडले, शेवटी हात जोडले. मामा म्हणाले, "सायेब, उद्या तुमीच माझ्यावर कागद काढशीला." मग मी बैठकीत शिरून दिल्लीच्या साहेबांच्या कानाशी लागलो आणि बिल्ला घेऊन आलो. साहेब नंतर खूप हसले आणि जाताना भेटीच्या वहीत मामांबद्दल चार चांगल्या ओळी लिहून गेले. त्या ओळींची प्रत मी मामांच्या सेवापुस्तकाला हौसेने लावली. तेव्हा मला मामांचा अभिमान वाटला होता, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं नाही.

मामा नियमाचे पक्के होते, पण नियमाआड लपणारे नव्हते. आमच्याकडून निवृत्त झालेले एक गृहस्थ पेन्शनच्या कागदासाठी आले. छातीत पेसमेकर. त्यांनी आपणहून सांगितलं आणि मामा विचारात पडले. तार तर नाही. मग त्यांनी सावलीत खुर्ची टाकली, पाणी दिलं, आणि खिडकीतल्या फोनवरून मला बोलावलं. "सायेब, ह्यांचं काळीज काही मला खणात ठिवता येत न्हाई. तुमची फाइल भाईर येऊ शकती. घिऊन या." मी कुरकुरत गेलो. फाइल फाटकावर आली, सही झाली, गृहस्थ पाच मिनिटांत मोकळे. जाताना त्यांनी मामांच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, आणि मामा लाजले.

त्यांच्या कानांची गोष्ट जुनी होती. सरकारी नोकरी लागायच्या आधी तरुणपणी सात-आठ वर्षं ते भोसरीत एका कारखान्यात होते, जिथे तापलेल्या लोखंडावर दिवसभर यांत्रिक घण पडायचा. कानांत घालायला कुणी काही दिलं नाही आणि यांनी मागितलं नाही. जाडा आवाज ऐकू यायचा, बारीक आवाज गेला तो गेलाच. समोरचा माणूस तोंडाकडे बघून बोलला की मामा ओठांवरून भागवत. फोनचा रिसीव्हर डाव्या कानाला घट्ट दाबला की बोलणं कळे, पण घंटी कळत नसे. म्हणून आमच्या वायरमनकडून त्यांनी एक सोय करून घेतली होती. फोन वाजला की शेजारी एक लाल दिवा लागे. दिवा लागला की मामा रिसीव्हर उचलत.

मुलगी वाकडला एका आयटी कंपनीत लागली. एकुलती एक, बापासारखीच हट्टी. नोकरी पक्की झाल्यावर तिने बापाला दवाखान्यात नेऊन कान तपासले आणि चांगल्यातली दोन मशीनं घेऊन दिली. शेंगदाण्याएवढी, कातडीच्या रंगाची. पहिल्या दिवशी मामा ती घालून आले तेव्हा फाटकासमोरच्या सुबाभळीखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चिमण्या हायेत की हो हितं." सव्वीस वर्षं ते त्या झाडासमोर बसले होते.

पण मशीनच्या डबीतल्या कागदावर ब्लूटूथ असा शब्द होता. मुलगी मोठ्या कौतुकाने म्हणाली होती की बाबा, उद्या तुम्ही मोबाइल घेतलात तर फोन थेट कानात येईल. मामांनी तो कागद माझ्यासमोर धरला. "सायेब, म्हंजी हे बिनतारीच ना?" मी म्हणालो, "तसं म्हटलं तर हो, मामा." "मग झालं," म्हणाले आणि तिथेच उभ्या उभ्या दोन्ही मशीनं काढली. लोकांनी परोपरीने समजावलं. अहो, तुम्ही तर खिडकीत बसणार, तुम्हाला कोण विचारतंय? मामा म्हणाले, "मी इचारतो की." कुणी म्हणालं, खिडकी काही आत धरत नाहीत. मामांनी बोटाने आवाराची भिंत दाखवली. भिंतीच्या अलीकडे ते आत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. आखीव कागदावर, गोल गोल अक्षरात. 'विषय : माझे कान आत नेण्याबाबत. महोदय, माझ्या मुलीने मला दोन कान घेऊन दिले आहेत. ते बिनतारी आहेत. त्यांचा उपयोग फक्त ऐकण्यासाठी होईल, ते कोणाशी बोलणार नाहीत याची मी हमी देतो. परवानगी मिळेपर्यंत ते रोज जमा करीन.' मी तो अर्ज शाखेत मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. नक्कल बरी करतो मी.

आता माझ्या घड्याळाबद्दल सांगायला हवं.

मी मूळचा परभणीकडचा, इथे मोशीला एका सोसायटीत राहतो. आमच्या सोसायटीचा एक चालण्याचा ग्रुप आहे. रोज किती पावलं झाली ते प्रत्येकाने रात्री ग्रुपवर टाकायचं, आणि पहिला येईल त्याला सगळ्यांनी टाळ्या पाठवायच्या. वाढदिवसाला बायकोने मला पावलं मोजणारं स्मार्ट घड्याळ दिलं आणि मला त्या टाळ्यांचं वेड लागलं. अडचण एकच. आमच्या कार्यालयाचे व्हरांडे लांबलचक, आठ तासांत माझी चार-साडेचार हजार पावलं आतच होत, आणि घड्याळ मात्र मामांच्या खणात पालथं पडलेलं. ही सगळी पावलं फुकट जातात हे मला बघवेना. मग मी ते डब्याच्या खालच्या पुडात, पोळ्यांच्या खाली घालून आत न्यायला लागलो. आत गेलं की मनगटावर, बाही खाली. सुरक्षा शाखेचा अधिकारी मी. ज्या परिपत्रकाची प्रत माझ्याच सहीने फाटकावर डकवली होती, ते मी पोळ्यांच्या वासाच्या घड्याळासाठी मोडत होतो.

मामांचा अर्ज मान्य करायचा तर एक पथक मागवावं लागणार होतं. ते यंत्र घेऊन येतं, मशीन तपासतं, आणि आलंच आहे तर सगळ्या इमारतीत फिरून आणखी काय काय बोलतंय ते बघतं. हे वाचलं तेव्हा माझा हात आपोआप मनगटावर गेला. आणि मी अर्जावर शेरा मारला, 'उत्पादकाकडून तांत्रिक तपशील मागवावा.' मुलीने तो महिन्याभरात आणून दिला. मी लिहिलं, 'हिंदी अनुवाद जोडावा.' तोही आला. मी लिहिलं, 'वैद्यकीय प्रमाणपत्र मूळ प्रतीत सादर करावे.' सरकारी नोकरीत काम न करण्यासाठी आळस लागत नाही, शाई लागते. पाच महिने गेले. मामा कधीकधी विचारत, "सायेब, कानाचं कुठवर आलं?" मी वर बोट दाखवायचो. म्हणजे वरिष्ठांकडे आहे. अर्ज माझ्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये होता.

तो गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात दुरुस्तीची लाइट गुरुवारी जाते, हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मुख्य इमारतीला जनरेटर आहे, फाटकाला नाही. अकराच्या सुमाराला मी समोरच्या टपरीवर चहाला गेलो आणि घड्याळ काढायला विसरलो. चहा पिताना ते लक्षात आलं. फाटकावरची तपासणीची चौकट वीज नसल्याने बंद होती, त्यामुळे मामा प्रत्येकाला हाताने तपासत होते, बाह्या वर करायला लावत होते. मी रस्त्यापलीकडे उभा राहून संधी बघू लागलो. दोन माणसं आत गेली. मग मामा रजिस्टरावर वाकून लिहायला लागले. मी झपाझप निघालो.

खिडकीपाशी पोचलो आणि मामांच्या मागच्या फळीवरचा फोन वाजला. चांगला खणखणीत वाजत होता. लाल दिवा विझलेला, कारण वीज नव्हती. मामा लिहीत होते. त्यांची मान मला दिसत होती, मानेवरचा घाम दिसत होता. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. नुसतं बोट लावायचं आणि फोनकडे दाखवायचं. पण मग ते वर बघणार, बाही वर करा म्हणणार. असेल कुणा पुरवठादाराचा, असं मी मनाशी म्हणालो आणि पुढे गेलो. फोन थांबला. मी पोर्चच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा तो पुन्हा वाजायला लागला. मी पायऱ्या चढलो.

फोन मुलीचा होता. कुरुळीला घरी मामी पाट्यापाशी बसल्या बसल्या कोसळल्या होत्या, एक हात उचलेना, तोंड वाकडं झालं. शेजारच्या आजीबाईंना वाटलं चक्कर. त्यांनी कांदा हुंगवला आणि वाकडला मुलीला कळवलं. मुलगी म्हणाली, हलवू नका, बाबा वीस मिनिटांत पोचतात, मी त्यांना फोन करते. आणि ती फोन करत राहिली. कुणी उचलेना, तेव्हा स्वतः गाडी काढून निघाली. नाशिक रस्त्यावर त्या दिवशी कंटेनर आडवा होता. ती पोचली, आईला दवाखान्यात नेलं, तोवर अडीच तास झाले होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासात आणलं असतं तर फरक पडला असता. मामींची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. फाटकावर लाइट दिवसभर आलीच नाही, आणि मामांना हे कळलं संध्याकाळी, सायकल घरापाशी टेकवल्यावर.

त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मी पहिला आलो होतो. मला अजून काही माहीत नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

शुक्रवारी सगळं कळलं. त्या दिवसापासून ते घड्याळ मी घातलेलं नाही, पण यात कौतुक नाही. मी मामांचा अर्ज ट्रेमधून काढला, पथकाला स्वतः फोन केला, आणि चार दिवसांत परवानगी मामांच्या हातात दिली. पाच महिने जे अडलं होतं ते चार दिवसांत झालं. मामांनी तो कागद कपाळाला लावला. डोळे भरून आले होते. म्हणाले, "सायेब, तुमी व्हता म्हून माझं काम झालं." मी म्हणालो, "अहो, माझं कर्तव्यच आहे ते." हे वाक्य मी खरंच उच्चारलं. आजही आंघोळ करताना, गाडी चालवताना ते मला ऐकू येतं आणि मी मोठ्याने काहीतरी गुणगुणायला लागतो.

मग हळूहळू कळलं की बाप-लेकीचं बोलणं बंद झालंय. मुलगी म्हणत होती, मी अकरा वेळा फोन केला, तिकडे घंटी वाजत होती, तुम्ही नियमापायी कान काढून बसला होतात. मामा म्हणत होते, फोन वाजलाच नाही. लाइन मेलेली होती, आणि मेलेल्या लाइनवर फोन करत बसण्यापेक्षा तू आजीला रिक्षा आणायला का सांगितलं नाहीस? तिने मोबाइलमधली यादी दाखवली. मामा म्हणाले, तुझ्याकडून गेले असतील, इकडं आले न्हाईत. मला म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई हे खरं हाय, सायेब. पण फाटकावरनं माणसं जात्यात-येत्यात. वाजला असता तर कुणीतरी सांगितलंच असतं की!" मी मान हलवली. गप्प राहायला मला एक चांगलं कारणही सापडलं होतं. खरं कळलं तर म्हातारा खचेल, वाजत्या फोनशेजारी आपण बसून होतो हे त्याला सोसणार नाही. म्हणजे मी गप्प बसतोय ते त्यांच्या भल्यासाठी. वर्षभर मी ते कारण वापरलं.

ते निवृत्त झाले तेव्हा कँटीनमध्ये समारंभ झाला. मुलगी आली होती, पण आईच्या चाकाच्या खुर्चीमागे, बापापासून लांब. मामांना चार शब्द बोलायचा आग्रह झाला. ते उभे राहिले, कानांत मशीनं, अंगावर आम्ही घातलेली शाल. म्हणाले, "मी नियम पाळला, त्याचं मला दुःख न्हाई. माझ्या घरावर वाईट येळ आली, त्यात ह्या हापिसाचा दोष न्हाई. त्या दिशी फोन वाजला असता तर हितलं कुणी बी मानूस धावत येऊन मला बोललं असतं. अशी मानसं हायेत हितं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मुलगी खुर्ची ढकलत बाहेर निघून गेली, आणि जाताना मामींनी चांगल्या हाताने दाराची चौकट धरली होती, थांब म्हणून. तिने हळूच ती बोटं सोडवली. हे मी पाहिलं.

त्यानंतरही मला चार महिने लागले.

एका रविवारी सकाळी मी कुरुळीला गेलो. घर तीन खोल्यांचं, मागे एका कारखान्याची पत्र्याची भिंत. मामी दारातल्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, मामा त्यांना वाटीतून पेज भरवत होते. मला बघून त्यांना कोण आनंद झाला. खुर्ची पुसली, चहा टाकायला उठू लागले. खिशात चक्क मोबाइल होता. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "पोरीनं दिलाय, आईपायी. पण त्यावर मला फोन करत न्हाई. शेजारच्या आजीला करती, आजी मला सांगती."

मी म्हणालो, "मामा, चहा नको. बसा. त्या गुरुवारी फोन वाजत होता."

ते बसले.

"मी तिथनं गेलो. मी ऐकला. माझ्या हातात घड्याळ होतं, ते तुम्ही बघाल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही." मग अर्जाचंही सांगितलं. ट्रेचं सांगितलं, शेऱ्यांचं सांगितलं. घरून पाठ करून आलो होतो, तरी शेऱ्यांचा क्रम चुकला.

मामांनी वाटी खाली ठेवली. "किती येळा वाजला?"

"थांबून पुन्हा वाजला. दोनदा तर मीच ऐकला."

"म्हंजी लाइन चालू व्हती."

"होती."

"आन घंटी बी."

"होती, मामा."

मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. मामा माझ्याकडे बघतच नव्हते. खाटेवरून मामींनी काहीतरी आवाज केला, दोन-तीन अक्षरांचा, मला त्यातलं काही कळलं नाही. मामांना कळलं. "व्हय, लावतो," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाइल काढला.

फोन त्यांच्या कानातल्या मशीनांना जोडलेला होता. मला ना घंटी ऐकू आली, ना पलीकडचा आवाज. मामा मोबाइल तोंडासमोर धरून बोलत होते.

"पोरी, मी बोलतोय. ठिवू नगं. फोन वाजला व्हता गं. तू केला व्हतास." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "व्हय. माझे कान खणात व्हते. माझंच चुकलं. तुला बोललो ते बी चुकलं." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुमीच सांगा."

मी फोन घेतला. मी कोण ते सांगितलं, त्या सकाळी काय केलं ते सांगितलं, माफ करा म्हणालो. आणि सवयीने फोन कानाला लावला. कानात काहीच आलं नाही. ती बोलत होती हे मला मामांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. फोन माझ्या हातात होता आणि ती जे मला बोलत होती ते सगळं त्यांच्या कानांत जात होतं. बराच वेळ बोलत होती. मामांनी एकदा डोळे मिटले, एकदा ओठ दाबले, एकदा हात अर्धा वर केला, कुणी मारायला आलं की करतात तसा. मी फोन धरून उभा होतो.

मग त्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "बास, पोरी. बास आता. दुपारी जेवायला ये. आई वाट बघती." फोन बंद करून त्यांनी खिशात ठेवला, मामींच्या तोंडाला लागलेली पेज पदराने पुसली आणि पुन्हा वाटी उचलली.

मी विचारलं, "मामा, काय म्हणाली ती?"

"तुमच्या वाट्याचं बी मीच ऐकून घेतलं, सायेब," ते म्हणाले. "जावा आता."